आर्गनची विद्या

गुरूवांचून विद्या नाहीं, असें आपल्याकडे पूर्वापार मानलें जातें. आणि हातकामाविषयीं तर ही समजूत अधिकच दृढ आहे. लोहाराच्या मुलानें भाता ओढीत बापाचें काम पाहावें आणि पाहतां पाहतां कारागीर व्हावें, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. परंतु जें काम बापाला ठाऊक नाहीं, आणि ज्याला ठाऊक आहे तो शिकवीत नाहीं, तें कसें शिकावें? हा प्रश्न मला पोटासाठीं पडला, म्हणून त्याची हकीकत येथें सांगतों.

रिसोडास आमचें वेल्डिंगचें लहानसें दुकान आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली, वखराची पास, घरांचीं फाटकें असें लोखंडाचें काम वडील तीस वर्षें करीत आले. पुढें अशीं दुकानें चौकाचौकांत निघालीं व मजुरी उतरली. दुधाचे स्टीलचे कॅन, चहावाल्यांच्या टाक्या, रसवंतीचे भाग आमच्याकडे येत, ते मात्र परत पाठवावे लागत. गिऱ्हाईक मालेगांवावरून अकोल्याची वाट धरी. त्या कामास टिग वेल्डिंग लागतें. बाजारांत त्याला ‘आर्गन’ एवढेंच म्हणतात. अखेर कर्ज काढून आम्ही यंत्र आणि सिलिंडर आणलें. एका मोठ्या गांवीं कारागिराच्या दुकानाशीं मी चार दिवस उभा राहिलों. पण मी जवळ सरकलों कीं तो पाठ वळवी. आय. टी. आय. चा अभ्यासक्रम एक वर्षाचा; तितके दिवस दुकान सोडणें शक्य नव्हतें. राहिलीं पुस्तकें. वडील म्हणाले, “पुस्तक वाचून कोनाले पोहता येते काय रे बापू?”

चेन्नईची एक सरकारी संस्था आय. टी. आय. साठीं पाठ्यपुस्तकें काढते. त्यांतील वेल्डरचें पुस्तक मीं जुन्या बाजारांतून मिळविलें. एक इंग्रजी ग्रंथ कोश जवळ ठेवून वाचला. आपल्या मराठी विश्वकोशांत या विद्येस ‘वितळजोडकाम’ असें नांव आहे. तें आमच्या गिऱ्हाइकास सांगितलें तर तो दुसरें दुकान गांठील, पण शब्द मोठा अर्थवाही आहे. दूरध्वनीवरील चलच्चित्रेंहि पुष्कळ पाहिलीं. त्यांत ज्योत इतकी स्वच्छ दिसे कीं काम सोपें वाटावें. आणि आपला मुखवटा चढविला कीं काळोखांत एक हिरवा ठिपका तेवढा दिसे!

या कामाचें मर्म असें. टंगस्टनची टोकदार कांडी आणि पत्रा यांच्यामध्यें विजेची ज्योत पेटते. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सियसला वितळतो. म्हणून कांडी टिकते व पत्रा वितळतो. वितळलेल्या धातूस हवा लागूं नये म्हणून टॉर्चच्या तोंडांतून आर्गन वायु सोडतात. आपल्या हवेंत हा वायु शेंकडा ०.९३ इतका असून १८९४ सालीं रॅले व रॅम्झी यांनीं तो शोधून काढला. कोणाशींहि संयोग पावत नाहीं म्हणून ग्रीक भाषेंत त्याला ‘आळशी’ असें नांव मिळालें. आळशास पैसे मोजून कामास लावण्याचा प्रसंग आम्हां वेल्डरांवरच येतो! १९४१ च्या सुमारास अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप विमान-कारखान्यांत रसेल मेरेडिथ यांनीं मॅग्नेशियम जोडण्यासाठीं ही रीत सिद्ध केली. त्या वेळीं हेलियम वायु वापरीत.

हें सारें वाचून हात वळत नाहीं, हें वडिलांचें म्हणणें खरेंच होतें. उजव्या हातांत टॉर्च, डाव्या हाताच्या बोटांतून भरणीची तार कणाकणानें पुढें सरकवावयाची, आणि ज्योतीची लांबी कांडीच्या जाडीएवढीच राखावयाची. तार सरकविण्याचा सराव मीं ज्योत न पेटवितां, ओट्यावर बसून महिनाभर केला. पण हात चुकतो तो कोठें, हें पुस्तक सांगे. पत्र्यावर काळी राख उमटूं लागली तेव्हां वीज वाढवावी असें कोणीहि म्हटलें असतें. पुस्तकानें वारा पाहावयास सांगितलें. आमचें दुकान तीन बाजूंनीं उघडें. ताडपत्री बांधतांच राख थांबली. स्टीलवरचा जोड सोनेरी उतरला तर उत्तम, निळा चालेल, करडा झाला तर धातु जळला, ही रंगांची भाषाहि तेथेंच कळली. आणि एक गोष्ट तर बाजारांत कोणी बोललेंहि नसतें: क्लोरीनयुक्त द्रावकानें पुसलेल्या धातूवर ज्योत पेटविली तर फॉस्जीन हा विषारी वायु उत्पन्न होऊं शकतो. पहिल्या महायुद्धांत तो शस्त्र म्हणून वापरला गेला होता.

मीं जगावेगळें कांहीं केलें असें नाहीं. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) मुंबईस सरकारी कचेरींत कारकून होते. अमेरिकेंतून येणारें विज्ञानाचें नियतकालिक वाचून ते यंत्रविद्या शिकले, आणि पुढें छपाईचे खिळे ओतण्याचें यंत्र त्यांनीं निर्माण केलें. त्यांच्यापुढें माझी गोष्ट ती काय! पण त्यांनाहि पाठ दाखविणारा उस्ताद भेटला असेल काय, हा विचार मनांत येतोच.

दुधाच्या कॅनची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. एका गवळ्यानें नुकताच जोडून आणलेला कॅन दाखविला. दूध रोज नासे. बाहेरून जोड चांदीसारखा. आंत बोट फिरवितां साखरेसारखी खरखर लागली. आंतल्या बाजूस आर्गन न सोडल्यास तप्त स्टील तिकडून हवेनें खराब होतें व त्या खरखरींत दूध अडकून राहतें. मीं तो भाग कापला, आंत वायु भरला, ५० अँपिअरवर नवा तुकडा बसविला. वडिलांनीं कॅनमध्यें हात घालून जोडावरून दोनदां बोट फिरविलें. कांहीं बोलले नाहींत. मजुरी मात्र त्यांनींच सांगितली, आणि ती माझ्या मनांतील आंकड्याच्या दुप्पट होती.

आतां दोन मुलें शिकावयास येतात. त्यांच्यासाठीं मीं एक वही केली आहे. वितळलेल्या धातूच्या थेंबास तींत ‘तळें’ म्हटलें आहे. तळें पुढें न्यावें, तार तळ्याच्या कांठाशीं बुडवावी, हें मुलांस चटकन् समजतें. ॲल्युमिनियमचें पान अजून कोरें आहे. तो धातु ६६० अंशांवर वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा २,००० च्याहि पुढें; तो फोडावयास उलटसुलट वाहणारी वीज देणारें यंत्र लागतें. तें आमच्यापाशीं नाहीं. म्हणून ट्रॅक्टरचा रेडिएटर घेऊन आलेला शेतकरी आजहि आमच्या दारावरून अकोल्याच्या गाडीकडे वळतो.