शनिवारचे तेल

अलिबाग,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तुमच्या कार्यालयातील मंडळींनी सर्वधर्मसमभाव या विषयावर तुला चार शब्द बोलण्याची विनंती केली असून, त्यासाठी उपनिषदांतील आणि संतवाङ्मयातील काही वचने मी निवडून धाडावीत, अशी तुझी मागणी. आणि त्याच पत्राच्या अखेरीस, जणू दुसऱ्याच कोणी लिहावे अशा स्वरात, तुझ्या हाताखालचा एक कारकून दर शुक्रवारी नमाजासाठी दीड तास मागतो व त्यामुळे टपालाचा खोळंबा होतो, ही तक्रार. वचने तुला कोणत्याही ग्रंथालयात मिळतील, आणि ती म्हटल्यावर टाळ्याही मिळतील. मी तुला तेलाविषयी लिहितो.

आपल्या या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, बेने इस्राएल हे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. त्यांच्या परंपरेप्रमाणे येथून जवळच नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना तेथेच मूठमाती मिळाली. धर्मग्रंथ समुद्रात गेले, मूळ भाषा या मातीत जिरली, पेणवरून पेणकर आणि रोह्यावरून रोहेकर अशी आडनावे पडली. टिकून राहिले ते सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि शनिवार. शुक्रवारी सूर्य मावळला की जो घाणा थांबे, तो शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत. गावाने त्यांना नाव दिले ते यावरूनच : शनिवार तेली. माणसाला त्याच्या उद्योगावरून नाव पडते हे आपण नित्य पाहतो. येथे नावाचा अर्धा भाग त्याने ज्या दिवशी उद्योग केला नाही त्या दिवसावरून पडला आहे.

याचे कारण गावाला ठाऊक होते काय? सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी परमेश्वर विसावला, ही कथा आमच्या आळीत कोणी ऐकलेली नव्हती. परंतु आपल्याकडे सोमवार तेलीही होते. शंकराच्या नंदीचा मान म्हणून ते सोमवारी बैल जुंपीत नसत. तेल्याला एक दिवस असतो आणि तो ज्याचा त्याने पाळावा, एवढी जागा लोकांच्या मनात आधीच मोकळी होती, आणि त्या जागेत यहुद्यांचा शब्बाथ विनातक्रार सामावला. (बैलांचे मत कोणी घेतले असते, तर त्यांनी दोन्ही पंथांची दीक्षा एकदमच घेतली असती.)

आता अडचण अशी की शनिवार हा मारुतीचा वार. ज्या दिवशी देवाला तेल हवे, नेमका त्याच दिवशी तेल्याचा घाणा बंद. म्हणून आमच्या घरी तेल शुक्रवारी दुपारीच भरून ठेवीत. एकदा, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, ते आणायचे राहून गेले, आणि शनिवारी सकाळी आईने मला तांब्या देऊन पिटाळले. तेलीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. घरात तेल भरलेले दिसत होते. त्या इतकेच म्हणाल्या, ‘‘आज नाही रे बाबा, आज माप धरायचे नाही.’’ मी रडत घरी आलो आणि त्या बाईची कागाळी केली. अण्णा जमाखर्चाची वही लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, ‘‘विसरलो आपण. नेम तिने का मोडावा?’’ मारुती त्या दिवशी अंधार पडेपर्यंत कोरडा राहिला. चांदण्या उगवल्यावर स्वतः तेली पावशेर तेल घेऊन आमच्या अंगणात आला. ज्याच्या शास्त्राने मूर्तिपूजा सर्वथा निषिद्ध ठरविली, त्याने मूर्तीसाठी तेल आणले, आणि ते कशासाठी आहे हे त्याला पुरते ठाऊक होते.

यावरून तो काळ सोन्याचा होता, अशी तुझी समजूत होऊ नये. त्यांच्या घाण्याचे तेल आमच्या देवघरातील समईत जळे, पण त्यांच्या घरचे पाणी आम्हांला चालत नसे; तेली अंगणातूनच परतला, त्याला कोणी वर बोलावले नाही. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन तट असून परस्परांत सोयरीक होत नसे. ही विद्या त्यांनी कोणापासून उचलली, हे सांगणे नलगे. जातिभेदाच्या भिंतींनी पुष्कळ परधर्मीयांना आपल्याकडे निर्वेधपणे नांदू दिले हे खरे. परंतु दूर ठेवून नांदू देणे यास आदर म्हणण्याचे धाडस मला होत नाही. अण्णांच्या त्या एका वाक्यात मात्र मला आदर दिसतो, कारण त्यात गैरसोय त्यांनी स्वतःकडे घेतली होती.

सारे धर्म एकच सांगतात असे म्हणणाऱ्याची एक मोठी सोय होते, शेजाऱ्याच्या धर्माकडे पाहण्याचे श्रम त्याला उरत नाहीत. आणि पाहावे तर किती मौज आहे! यहुद्यांच्या सणांना या लोकांनी दिलेली नावे आपल्या स्वयंपाकघरातली : नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण. प्रायश्चित्ताचा उपवास ते दारे लावून करीत, म्हणून ती दारफाळणी. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळून झाला की वालाचे बिरडे खात, म्हणून बिरड्याचा सण. एलियाहु हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने पोहे, गूळ आणि खोबरे यांचा जो प्रसाद करतात, त्याला दर्ग्यावरच्या प्रसादाप्रमाणे मलिदा हेच नाव. त्यांच्यात विवाहादी संस्कार चालविणारा तो काझी, आणि प्रार्थनामंदिराला ते मशीद म्हणत. यांतील कोणता शब्द कोणाचा, याची फाळणी करायला बसलास तर तुझे सारे निवृत्तिवेतन त्यात खर्ची पडेल.

दावीद रहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांच्या बायकांपुढे मासळी ठेवली, त्यांनी खवले नसलेले मासे वगळले, आणि तेवढ्यावरून त्याने हे आपलेच लोक म्हणून ओळखले, अशी कथा आहे. स्वातंत्र्यानंतर त्यांतील बरेच लोक इस्राएलला गेले. आमच्या तेल्याचे बिऱ्हाडही गेले. तेथील धर्माधिकाऱ्यांनी 1962 च्या सुमारास यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांच्या कुळाची चौकशी करण्याचा हुकूम काढला, आणि 1964 साली जेरुसलेमच्या रस्त्यांवर निदर्शने होऊन तेथील संसदेला हे सर्वतोपरी यहुदीच आहेत असा निर्वाळा द्यावा लागला. वर्तमानपत्रातील ती बातमी वाचून अण्णा बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, ‘‘आमच्या आळीत चौकशी केली असती, तर शनिवारच्या तेलावरून सांगितले असते.’’

त्या घाण्याच्या जागी आता सिमेंटची वखार आहे. तेल पिशवीतून येते आणि वाण्याचे दुकान सातही दिवस उघडे असते. तरीही आपल्या घरी तेलाची बरणी शुक्रवारी भरतात. परवा सूनबाईने कारण विचारले, तेव्हा तुझ्या मामीने, हा आपल्या घराण्याचा पूर्वापार कुळाचार आहे, असे तिला खुशाल सांगितले. मी तो गैरसमज दूर केला नाही.

ति. ताईस साष्टांग नमस्कार. वालाची पुडी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवीत आहे. तुमच्या कचेरीचे शुक्रवारचे टपाल दुपारी बाराच्या आत निघणे शक्य आहे किंवा कसे, ते उलट टपाली कळवावे.

तुझा
मामा