सांबार, रोडगे आणि मावशीचं दिलपसंद

मे महिन्यात आम्ही नागपूरला लग्नाला निघालो तेव्हा सौंसरच्या मावशीचा फोन आला. "साडी नको, भांडी नकोत. येताना दिलपसंद आण," ती म्हणाली. आपल्याकडे अय्यंगार बेकरीत काचेमागे ठेवलेलं ते गोल, जाड, चार तुकडे केलेलं दिलपसंद! वरखाली मैद्याचं खुसखुशीत आवरण आणि आत खोबरं, साखर, तुटीफ्रुटी. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकात 'पाय' नावाचा जो पदार्थ असतो, त्याचा हा आपल्या गल्लीतला भाऊच म्हणायचा. हासन जिल्ह्यातल्या अय्यंगार कुटुंबांनी या बेकऱ्या कर्नाटकभर नेल्या, पण सौंसरपर्यंत त्या काही पोहोचल्या नाहीत. तेव्हा कुंदा, मांडे आणि दिलपसंदचे दोन डबे घेऊन आम्ही बेळगाव सोडलं.

वाचकांपैकी अनेकांना सौंसर कुठे आहे असा प्रश्न पडेल. नागपूरहून उत्तरेला सावनेर लागतं. तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा सौंसरवरून छिंदवाड्याला जातो आणि डावा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे. दोन्ही रस्त्यांवर थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो, पण मराठी संपत नाही. पाट्या हिंदीत दिसू लागतात आणि दुकानात मात्र "काय पायजे जी?" असंच विचारतात. ही दोन्ही गावं पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या घरांतून वेगळी सांगायला नको. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं ते त्याच दिवशी. आणि त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. तोवर मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती! छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला आणि त्यातली सौंसर-पांढुर्ण्याची मराठी घरंही. मावशीच्या आयुष्यात या दोन्ही सीमा आल्या. जन्म आपल्या सीमेवर आणि संसार त्या सीमेवर. सौंसरच्या परिसरात मँगनीजच्या खाणी आहेत. इथल्या खडकांना भूगर्भशास्त्रात 'सौंसर समूह' असंच नाव आहे. काकांना तिथल्या एका खाणीत कारकुनाची नोकरी लागली आणि १९७० साली मावशी लग्न होऊन तिकडे गेली.

आम्ही नागपूरहून सकाळी साडेसहाला निघालो. साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता, पण उन्हाच्या आत पोहोचायचं होतं. पहिला थांबा पोह्यांचा. या भागात पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. बेताने घ्या. पहिला घास सोपा वाटतो आणि तिसऱ्याला डोळ्यांत पाणी येतं.

दुसरा थांबा सांबारवडीचा. पाटी वाचून आमची लेक खूश झाली. इडली नाही तर नाही, निदान सांबार तरी मिळणार! समोर आली ती तळलेली, पाकिटासारखी दुमडलेली वडी, सोबत कढी. "अंकल, सांबार?" तिने विचारलं. दुकानदाराने वडी मोडून आतली हिरवीगार कोथिंबीर दाखवली. "हे काय, भरला न बाई आतमंदी!" विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, आपल्या कन्नडमधली कोत्तंबरी. चिरलेली कोथिंबीर, सुकं खोबरं, खसखस, तीळ, लसूण-मिरची असं सारण आणि बेसन-मैद्याची पारी. हिलाच पुडाची वडी म्हणतात. भट्टीतला पाय बाजूला राहू द्या, कढईतला पाय म्हणून ही वडी मुद्दाम थांबून खाण्याजोगी आहे.

सौंसरला बाजारातल्या एका छोट्या बेकरीपाशी मावशीचा नातू आम्हाला घ्यायला उभा होता. बेकरी म्हणजे दर्शनी दोन बरण्या टोस्ट, खारी, क्रीमरोल आणि मागे लाकडाची भट्टी. पण तिचा खरा धंदा दिवाळीच्या आधी. रवा, मैदा, तूप, साखर घरून न्यायची, पत्र्यावर नानकटाई थापून द्यायची आणि भाजून झाली की डबा भरून आणायची. आपल्याकडेही आईच्या पिढीने हे केलंय. मावशी सांगत होती, पहिल्या दिवाळीला त्या रांगेत उभी राहिली तेव्हा तिला सासरी आल्यावर प्रथमच घरच्यासारखं वाटलं. भाजलेल्या तुपाचा वास दोन्हीकडे सारखाच!

दुपारी खास बेत होता, रोडग्यांचा. मावशीच्या पुतण्याचा पांढुर्ण्याच्या वाटेवर संत्र्याचा बगीचा आहे. तिथे झाडाखाली गोवऱ्या पेटवल्या होत्या. जाडसर दळलेली कणीक, मोहन, मीठ, ओवा. छोट्या पाऱ्या तेल लावून एकात एक गुंडाळायच्या, म्हणजे कांद्यासारखे पदर सुटतात. गोळे निखाऱ्यांत पुरायचे, उलटायचे आणि वरून राख ओढायची. तासाभराने फडक्याने राख झटकून रोडगा हाताने फोडायचा, त्यावर तूप आणि सोबत वांग्याची भाजी व तुरीचं वरण. ना ओव्हन, ना काचेचं कपाट. पण या मुलखातली सगळ्यात जुनी बेकरी हीच. मारुतीला नवस फेडायलाही रोडगे करतात. सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली निद्रिस्त हनुमानाची मूर्ती आहे. वाट वाकडी करून दर्शन घ्यावं असं ठिकाण आहे.

संध्याकाळी डबे उघडले. मांडे पाहून सूनबाईला नवल वाटलं. नागपूरकडे सैलसर कणीक हातांवर लांबवून पालथ्या मडक्यावर टाकतात, ती लांब रोटी तिच्या ओळखीची. आपला साखर भरलेला मांडा तिची गोड बहीण निघाली. मावशीने मात्र दिलपसंदचा तुकडा हातात घेतला आणि आमच्या लेकीकडे पाहून एकदम विचारलं, "ऊटा आत?"

सगळे गप्प झाले. सूनबाईला वाटलं, सासूबाई काहीतरी बरळल्या. लेक कन्नड माध्यमात शिकते. ती सहज म्हणाली, "आत, अज्जी." आणि मग दोघी बोलतच राहिल्या. मावशीची कन्नड अडखळत होती, मधेच हिंदी शब्द येत होते आणि काही शब्द इतके जुने की लेकीने मला खुणेने अर्थ विचारला. काका गेल्यापासून, म्हणजे चौदा वर्षांत, या घरात कन्नड बोलायला तिला कुणीच नव्हतं. "रात्री एकटीच आकडे मोजते, वंदु, एरडु, मूरु," ती म्हणाली, "विसरू नये म्हणून."

मला अपराधी वाटलं. आम्ही दर दिवाळीला फोन करतो, पण मराठीतून, घाईघाईत. तिचा नातू हिंदी शाळेत शिकला. लिपी एकच असल्याने मराठी पेपर वाचतो, बोलतो मात्र हिंदीत. तो आजीची मराठी धरून आहे हेच खूप. तिची दुसरी भाषा धरणं हे आमचं काम होतं आणि आम्ही तिला नुसते डबे पाठवत राहिलो.

आता लेक दर रविवारी मावशीला फोन करते. विषय बहुधा खाण्याचाच असतो.

तुम्ही जाणार असाल तर दोन-तीन सूचना. मे टाळा, आम्हाला लग्नामुळे पर्याय नव्हता. संत्र्यांसाठी नोव्हेंबर-डिसेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जांब नदीवर गोटमार असते. पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात, दरवर्षी माणसं जखमी होतात. मुलाबाळांना घेऊन त्या दिवशी जाऊ नका. एरवी नागपूरहून सकाळी निघून रात्री परत येता येतं.

आणि तिकडे तुमचं कुणी दिलेलं असेल, तर डब्याबरोबर एखादं बोलकं पोरही घेऊन जा.