घडीची सायकल कोणाच्या मापानें घ्यावी?

संस्कृत शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांस एक गोष्ट नेहमीं सांगत असूं. समास केल्यानें जागा वाचते हें खरें. परंतु त्याचा विग्रह करतांच मूळचा अर्थ जसाच्या तसा हातीं आला पाहिजे. तो न आला, तर जागा वाचवून काय साधलें? घडीच्या सायकलीसही हाच नियम लागू आहे. मिटल्यावर ती किती लहान होते, हें दुकानदार मोठ्या हौसेनें दाखवितो. उघडल्यावर ती आपल्या अंगास बसते कीं नाहीं, हें मात्र गिऱ्हाइकानेंच पाहावयाचें असतें.

आमचें बिऱ्हाड पुण्यास कोथरुडांत, तिसऱ्या मजल्यावर. घरांत लहानमोठीं सात माणसें. जिन्याखालीं ठेवलेल्या दोन सायकली एकामागून एक चोरीस गेल्या, तेव्हां पुढची सायकल घरांत ठेवतां येईल अशीच घ्यावयाची, असें ठरलें. एवढ्यावर सर्वांचें एकमत झालें आणि तें तेथेंच संपलें. थोरले चिरंजीव रोज वनाजहून मेट्रोनें पिंपरीकडे नोकरीस जातात. त्यांची उंची ५ फूट ११ इंच, आणि पैसेही त्यांचेच. सूनबाई अडीच किलोमीटरांवरील शाळेंत शिकवितात. त्यांची उंची ४ फूट १० इंच. जमिनीस पाय टेकेल अशी मोठ्या माणसांची सायकल त्यांना आजवर मिळालीच नव्हती. तिसरे उमेदवार आम्ही. वय ६७, उंची ५ फूट ४ इंच. आठवड्यांतून तीन दिवस सकाळीं कांहीं मुलांस शब्दांचीं रूपें शिकवावयास जातों.

आम्ही सायकलीवर बसावें हेंच मुळीं चिरंजीवांस पसंत नव्हतें. "बाबा, तुम्ही रिक्षानें जात जा," असें ते वारंवार म्हणत. बोलणें प्रेमाचें होतें. परंतु आतां रिक्षा बोलवावयाची ती फोनवरून, आणि ती बोलावण्यास घरांतील कोणाची तरी सवड पाहावी लागते. ज्यानें चाळीस वर्षें कोणाची वाट न पाहतां उंबरठा ओलांडला, त्यास हें किती जड जातें, तें तरुणांस एकाएकीं कळावें अशी अपेक्षाही आम्ही करीत नाहीं.

घडीच्या सायकलीची कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) ब्रिटिश छत्रीसैनिकांसाठीं बीएसए कारखान्यानें मधोमध दुमडणाऱ्या सायकली तयार केल्या होत्या. पण त्यांचीं चाकें मोठींच होतीं. लहान चाकांची ब्रॉम्प्टन लंडनमध्यें अँड्र्यू रिची यांनीं १९७५ च्या सुमारास आंखली, आणि आपल्या खोलीसमोरील ब्रॉम्प्टन ऑरेटरी ह्या चर्चवरून तिचें नांव ठेवलें. पुढें १९८२ मध्यें डेव्हिड हॉन ह्या पदार्थवैज्ञानिकानें अमेरिकेंत डाहोन हा उद्योग उभा केला. पहिल्या प्रकारांत मागचें चाक पोटाखालीं वळतें व सायकल सुमारें दोन फूट लांबरुंद आणि एक फुटाहून कमी जाड अशी गठडी होते. दुसरा प्रकार मधल्या बिजागरीवर पुस्तकासारखा मिटतो. त्याची घडी मोठी होते, परंतु रचना सोपी असते.

आतां चाकांविषयीं. घडीच्या सायकलींत १६ व २० इंचांचीं चाकें विशेष आढळतात. १६ इंचांची घडी लहान, म्हणून जिला दिवसांतून चारदां मिटावयाचें तिच्यासाठीं ती सोयीची. २० इंचांचें चाक खड्ड्यांत कमी अडकतें आणि हँडलही कमी थरथरतें. आमच्या रस्त्यांचा विचार करतां हा मुद्दा लहान नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नुसत्या इंचांवर टायर मिळत नाहीं. २० इंचांतच रिमचा व्यास ४०६ मिलिमीटर व ४५१ मिलिमीटर असे दोन भेद आहेत, १६ इंचांत ३०५ व ३४९ असे. हा आंकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. ४०६ चें टायर मुलांच्या सायकलींस बहुधा चालतें, म्हणून कोपऱ्यावरील दुकानांतही मिळतें. इतर मापांसाठीं आधीं चौकशी करावी.

"एवढ्याशा चाकाला पाय किती मारावे लागतील!" ही शंका प्रथम आमच्या कुटुंबानें काढली. तिचें उत्तर त्रैराशिकांत आहे. चाकाचे इंच गुणिले चेनव्हीलचे दाते, भागिले फ्रीव्हीलचे दाते. समजा, जुन्या उंच सायकलीचें चाक २८ इंच, पुढचे दाते ४४, मागचे १८; उत्तर ६८.४ येतें. घडीच्या सायकलीचें चाक २०, पुढचे दाते ४८, मागचे १४, उत्तर ६८.६. दोहोंत पायडलच्या एका फेऱ्यास सुमारें साडेपांच मीटर अंतर कापलें जातें. चाकाचें लहानपण दात्यांच्या संख्येनें भरून निघतें. म्हणून चाक पाहून घाबरूं नये, दाते मोजावे. चढाच्या वस्तींत राहणारांनीं मात्र गियर असलेली घ्यावी.

अंगाचें माप घेण्याची रीत अशी. सीटवर बसून पायडल सर्वांत खालीं न्यावें आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला तर सीटची उंची योग्य. मग चवड्यानें पायडल मारतांना गुडघा किंचित् वाकलेला राहतो व दुखत नाहीं. हँडल धरतांना कोपर थोडें सैल असावें. हात ताणावा लागल्यास पाठ भरून येते. घडीच्या सायकली बहुधा एकाच मापांत येतात आणि सर्व भिस्त सीटच्या दांडीवर असते. त्या दांडीवर एक रेषा कोरलेली असते. ती रेषा बाहेर दिसेल इतकी दांडी कधींही वर ओढूं नये. दांडी मोडण्याचा किंवा चौकट फुटण्याचा धोका असतो. सायकल किती वजन पेलते, हेंही कारखानदार लिहितो. त्यांत स्वाराबरोबर पिशवीचेंही वजन धरावें.

पेठेंतील एका दुकानांत आम्ही तिघे ह्या रीतीनें मापें घेऊं लागलों. पहिल्या सायकलीवर सूनबाईंचे पाय नीट टेकले. चिरंजीवांसाठीं दांडी रेषेपर्यंत ओढली, तरी त्यांचा गुडघा सरळ होईना. दुसरीस दांडी लांब होती. तीवर चिरंजीव ऐटींत बसले, पण सीट कितीही उतरविली तरी सूनबाई अधांतरीच. दुकानदार आळीपाळीनें दोघांकडे पाहत राहिला. पैसे देणारा एक आणि गरज दुसऱ्याची, असा प्रसंग एकत्र कुटुंबांत नवा नाहीं. तो वादानें सुटत नाहीं, हिशेबानें सुटतो.

आम्ही चिरंजीवांस म्हटलें, "आठ दिवस घड्याळ लावून पाहा." त्यांनीं तसें केलें. घरापासून स्थानक पायीं ९ मिनिटें, स्थानकापासून कचेरी ७ मिनिटें. सायकलीनें ही वेळ निम्मी झाली असती. परंतु उघडणें, मिटणें आणि जिने चढणें मिळवितां एका खेपेस पांच मिनिटांहून अधिक उरेनात. शिवाय नियमानें घडीची सायकल नेऊं दिली, तरी गर्दीनें नेऊं द्यावयास हवी! "म्हणजे पांच मिनिटांसाठीं मी बारा किलो वाहणार," असें चिरंजीव स्वतःच म्हणाले, आणि पहिली सायकल घेण्यास मोकळ्या मनानें पैसे काढून दिले.

आमचा प्रश्न सूनबाईंनीं सोडविला. त्या म्हणाल्या, "नऊ वाजेपर्यंत सायकल बाबांची, मग माझी." चिरंजीवांनीं तीन अटी घातल्या : डॉक्टरांस एकदां गुडघे दाखवावे, डोक्यास हेल्मेट असावें, मोठा रस्ता टाळावा. तिन्ही वाजवी होत्या. आम्हीं त्या मान्य केल्या. ह्या सायकलीची चौकट मधोमध खालीं असल्यानें पाय उंच टाकावा लागत नाहीं. आमच्या वयाच्या माणसास ही सोय गियरांहून मोलाची वाटते. ज्या बायका साडी नेसून सायकल चालवितात, त्यांनाही ती तशीच वाटेल. आमचें कुटुंब मात्र म्हणालें, "आतां चोर आला तर त्याला दिवाणखान्यांतच यावें लागेल!"

ह्या गोष्टीस वर्ष झालें. तेवढ्यांत बिजागरीची खिटी दोनदां आवळून घ्यावी लागली, ब्रेकचे रबर एकदां बदलले. बसण्यापूर्वीं दोन्ही खिट्या बसल्या आहेत कीं नाहींत, हें हातानें चाचपून पाहण्याचा नियम आम्ही दोघांनीं मोडलेला नाहीं. एका घरांत एकच सायकल घ्यावयाची असेल तर आमचें सांगणें एवढेंच : जो सर्वांत उंच त्याच्या मापानें घेऊं नये, जो पैसे देतो त्याच्याही नव्हे. ज्यास ती वांचून दुसरी वाट नाहीं, त्याच्या मापानें घ्यावी. बाकीच्यांचे पाय लांब असतात. ते कोठेंही टेकतात.