मेमरीचा सातबारा

लिनक्सचा कर्नेल सुरू होतो तेव्हा मेमरी किती ते त्याला बायॉस किंवा बूटलोडर सांगतो. हा मेमरीचा सातबाराच म्हणा ना! पण तोच चुकीचा असला तर? बायॉसची एक जुनी पद्धत सुमारे ६४ एमबीच्या पुढे मोजूच शकत नसे. मग १२८ एमबीवाल्याला ‘मेम=१२८एम’ असं हातानं लिहावं लागे. आकडा कमी आला तर थोडी मेमरी पडीक राहते, एवढंच. जास्त आला तर? आमच्या सायवनला नांगर बांधापलीकडे गेला की भांडण उभं राहतं. इथे मशीन अडकतं, नाहीतर फाईल मुकाट्यानं बिघडते. म्हणून एकाच जागेवर ‘मोकळी’ आणि ‘राखीव’ अशा दोन नोंदी आल्या, की कर्नेल ती राखीव धरतो. शंका असेल तिथे आपला हक्क सोडायचा. आपल्याला जमेल का हो हे?