उशिरा पोचलेला पाय

हौशी फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त फाउल करतो तो दमलेला पाय. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पेठांचे सामने बघताना मला हे पुन्हा पुन्हा जाणवतं. फौंड्रीत नाहीतर दुकानात राबणारी पोरं मैदानात उतरतात. पहिल्या हाफमध्ये त्यांचा पाय वेळेवर चेंडूला भिडतो. शेवटच्या वीस मिनिटांत पाय तोच, अंदाज तोच, पण चेंडू पुढे गेलेला असतो आणि त्या जागी समोरच्याची नडगी असते. शिट्टी वाजते तेव्हा त्या पोराच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य असतं. तो खोटं बोलत नसतो, पाय त्याने चेंडूवरच टाकलेला असतो. नियम करणाऱ्यांनी हे ओळखलंय. बाराव्या नियमात फाउलच्या तीन पायऱ्या आहेत: निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक, समोरच्याला लागेल याची फिकीरच केली नाही तर पिवळं कार्ड, आणि अवाजवी जोर लावला तर लाल. ही उतरंड मला फार माणुसकीची वाटते.

काही नियम मोडतात ते कुणी कधी वाचलेलेच नसतात म्हणून. थ्रो घेताना जोर लावायच्या नादात मागचा पाय जमिनीवरून सुटतो आणि थ्रो समोरच्या संघाला जातो. चेंडू हाताला लागला की सगळी गॅलरी ‘हँड, हँड’ ओरडते. खरं तर हाताला लागलेला प्रत्येक चेंडू फाउल नसतो. गल्लीत खेळून शिकलेल्यांना गल्लीचे नियम पाठ असतात, त्यांना काय बोल लावायचा?

शर्ट धरून ओढणं मात्र वेगळं, ते मुद्दाम केलेलं असतं. विल्यम मॅक्रम या आयरिश गोलरक्षकाच्या सूचनेवरून १८९१ साली पेनल्टी आली, तेव्हा इंग्लंडमधल्या हौशी खेळाडूंना तो अपमान वाटला होता. आम्ही मुद्दाम कुणाला पाडू, हे गृहीतच कसं धरता? त्यांचा राग मी समजू शकतो, पण बरोबर होते मॅक्रमच. पैसे मिळत नाहीत म्हणून जिंकायची ईर्षा कमी होत नाही. उलट पेठेचा मान पगाराहून जड असतो. गोलकडे सुसाट निघालेल्या विंगरला कुणीतरी कमरेला धरून थांबवतो, पिवळं कार्ड घेतो, आणि त्याच्या पेठेची माणसं टाळ्या वाजवतात. गॅलरीत वडिलांशेजारी बसलेली शाळकरी पोरं त्या टाळ्या ऐकत असतात. माझा जीव तुटतो तो इथे.

इंग्लंडमध्ये २०१९-२० च्या हंगामापासून स्थानिक हौशी लीगमध्ये पंचांशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवतात. मुद्दाम पाडणाऱ्यालाही तसंच बसवावं, असं मला मनापासून वाटतं. आपला संघ दहा मिनिटं दहाच जणांनिशी झुंजताना दिसला, की टाळ्या वाजवणारी तीच माणसं आपल्या पोराला आधी दटावतील.