आजी, सुट्टी आणि बाल्टिक

जर्मनीत समुद्रावर जायचं म्हणजे आधी शाळेची दिनदर्शिका उघडायची! एकदम गर्दी होऊ नये म्हणून प्रत्येक राज्याची उन्हाळी सुट्टी वेगळ्या तारखांना. आम्हा बव्हेरियाकरांचा नंबर शेवटी-शेवटी, आणि शाळा बुडवली तर दंड. त्यात आईंचा व्हिसा ९० दिवसांचा, गुडघे दुखरे आणि मुलांचा हट्ट, वाळूचा किल्ला आजीबरोबरच! अखेर सप्टेंबरचा पहिला आठवडा ठरला; तोवर उत्तरेकडच्या शाळा सुरू होतात. ठिकाण वार्नेम्युंड. बाल्टिकला भरती-ओहोटी नाममात्र, त्यामुळे पाण्यामागे चालत जायला नको. शिवाय ‘श्ट्रांडकोर्ब’ ही छपराची वेताची खुर्ची १८८२ साली रोस्टॉकच्या बार्टेलमान यांनी एका संधिवाताच्या बाईंसाठीच विणली होती. हे ऐकून आई लगेच तयार! मंडळी, वारा बोचरा असतो. स्वेटर विसरू नका.