बोक्याचे वजन आणि औषधाची मात्रा

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फौंड्रीच्या स्टोअरमध्ये एक बोका चार वर्षांपासून मुक्कामाला आहे. देहाने एवढा थोर, की नवा कामगार प्रथम दचकतोच. यंदा पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या अंगावर पिसवा दिसल्या आणि कानामागे दोन गोचीड. लगेच उपाय सुचू लागले. एका कामगाराने गोठ्यातले गोचिडाचे औषध आणले, तर दुसऱ्याने आपल्या कुत्र्यासाठी घेतलेली नळी. "एवढा मोठा बोका, कुत्र्याएवढाच की!" हा त्याचा युक्तिवाद. दोघेही मनाने भले. तरी दोन्ही औषधे मी परत न्यायला लावली.

कारण सांगणे आवश्यक आहे. कुत्र्यांच्या काही नळ्यांत परमेथ्रिन असते. गोठ्यातल्या औषधांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ. परमेथ्रिनसारखे द्रव्य निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. काही तासांतच अंग थरथरू लागते, झटके येतात, प्राणही जातो. बोका कितीही मोठा असो, यकृत मांजराचेच.

मग त्याला क्रेटमध्ये बसवून कास्टिंगच्या काट्यावर ठेवले. क्रेट वजा जाता 6.8 किलो भरला. (इतका वेळ तो काट्यावर स्वस्थ बसला, हेच नवल.) पशुवैद्यांनी गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढले आणि मांजरांसाठीची फिप्रोनिलची नळी दिली. ती अर्ध्या मिलिलिटरची. मोठ्या मांजरालाही एकच, दोन नव्हेत. सर्वच औषधांचे असे नसते. सेलामेक्टिनची 45 मिलिग्रॅमची मात्रा 2.6 ते 7.5 किलोंच्या मांजरासाठी असते. म्हणून वजन अंदाजाने सांगू नये. थेंब मानेच्या मागे, केस बाजूला सारून कातडीवर सोडायचे. तिथे मांजराची जीभ पोहोचत नाही.

घरी हे सांगितले, तेव्हा आईने विचारले, "पिसू म्हणजे उवा-मुंग्यांसारखा तीन इंद्रियांचा जीव. त्याला मारायचे औषध आपण हाताने लावायचे?" प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. औषधात हिंसा नाही, असे मी म्हणणार नाही. मात्र पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून जमिनीवर पडतात. अळ्या आणि कोश तिथेच, फटींत, गोणपाटांत वाढतात. अंगावर दिसतात त्या थोड्याच. जागा अस्वच्छ ठेवली, तर महिनोन्महिने औषध लावत राहावे लागते आणि दरवेळी नवे जीव मरतात. आधी झाडलोट केली, तर मरणारे जीवही कमी आणि औषधही कमी. यत्नाचार म्हणतात तो मला इथे दिसतो: मात्रा मोजण्यात आणि केरसुणीत. आईला हे पूर्ण पटले नाही. तिने एवढेच म्हटले, की रोज बारीक फणी फिरवत जा.

आता गोणपाटांचा जुना ढीग हलवला आहे. बोक्याचे अंथरूण दर रविवारी गरम पाण्यात धुतले जाते. पशुवैद्यांनी सांगितलेली पुढच्या मात्रेची तारीख स्टोअरच्या कॅलेंडरवर, वाळूच्या गाडीच्या तारखेखाली लिहिली आहे.